इंडो-ग्रीक नाण्यांच्या लॉटमध्ये माझे ७८,६५० रुपये बुडाले

इंडो-ग्रीक राजांची, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येस राज्य करणाऱ्या ग्रीक वंशाच्या राजांची, चांदीची नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, कारण अठरा वर्षे संग्रह करूनही मी फसलो आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते.

विक्रेता परराज्यातला होता आणि वडिलांचा संग्रह विकायचा आहे, असे सांगत होता. पहिले नाणे, मिनँडर राजाचा एक ड्राक्म (त्या काळचे चांदीचे नाणे), मी ७,५०० रुपयांना घेतला आणि तो अस्सल निघाला. वजन २.४ ग्रॅम, एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस', म्हणजे 'तारणहार महाराज मिनँडरचे'. नागसेन या बौद्ध भिक्षूला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा तो हाच. ते नाणे हातात आल्यावर माझा विश्वास बसला, आणि त्याला तेवढेच हवे होते.

मग सहा नाण्यांचा लॉट आला. त्यात मिनँडरची तीन, अपोलोडोटसची हत्ती आणि वशिंडाचा बैल असलेली दोन चौकोनी, आणि ज्या अँटिआल्किडसच्या दूताने, हेलिओडोरसने, विदिशेजवळ गरुडस्तंभ उभारला, त्याचे एक. किंमत ७८,००० रुपये, कुरिअरचे ६५० वेगळे, आणि सगळे आगाऊ.

मला तेव्हाच कळायला हवे होते. मिनँडरच्या दोन नाण्यांच्या फोटोंत अथेनेच्या पायाशी, कडेला, घड्याळात सात वाजतात त्या जागी एकसारखी खाच होती. मी ते पाहिले होते, फोटो मोठा करून पाहिले होते, आणि 'एकाच ठशाची असतील' असे स्वतःला समजावले. ठसा एक असला तर चित्र सारखे येते. कडेची खाच, झीज आणि ओरखडे हे प्रत्येक नाण्याचे स्वतःचे असतात. दोन नाण्यांवर तीच खाच म्हणजे एका नाण्यावरून साचा काढून केलेले ओतकाम. हे मला ठाऊक होते, पण त्या आठवड्यात आईचे ऑपरेशन होते आणि दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे, असा विक्रेत्याचा दिवसातून चार वेळा फोन येत होता.

पार्सल आले तेव्हा वजने पहिल्या अस्सल नाण्यासारखी २.४ नव्हे, तर १.९ ते २.१ ग्रॅम भरली. भिंगाखाली अक्षरे साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि कडेला घासलेला सांधा दिसला. सराफाने चांदी खरी असल्याचे सांगितले. पण चांदी खरी म्हणून नाणे खरे ठरत नाही, हे लक्षात ठेवा. पैसे देण्याआधी काट्यावरच्या वजनाचा आणि कडेचा फोटो मागा.

बँकेने 'व्यवहार तुम्हीच मंजूर केलात' म्हणून हात वर केले. पोलीस ठाण्यात मला तीनदा बोलावले. पहिल्यांदा अधिकारी रजेवर होते, दुसऱ्यांदा नाणी खोटी असल्याचा सरकारी दाखला मागितला, आणि तो देणारे कोण, याचे उत्तर संग्रहालयातही मिळाले नाही, कारण खासगी माणसाला असा दाखला देत नाही, एवढेच तिथे सांगितले गेले. तिसऱ्यांदा मलाच विचारले की पुराणवस्तू विकण्याचा परवाना विक्रेत्याकडे आहे की नाही, हे तुम्ही का पाहिले नाही. १९७२च्या कायद्यानुसार पुराणवस्तू विकण्याच्या व्यवसायाला तो परवाना लागतो आणि तो मी मागायला हवा होता, हे मान्य. पण म्हणून चोराला मोकळे सोडायचे का? ७८,६५० रुपये गमावलेल्या माणसाशी आरोपीसारखे बोलायचे का? अर्जाची पोच मिळायला एकोणीस दिवस लागले. तुमच्यावर ही वेळ आली तर ठाण्याच्या फेऱ्यांआधी, पैसे गेल्याच्या पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा; मी पाच दिवस घालवले.

गेल्या रविवारी तोच खाचेचा फोटो दुसऱ्या नावाने १४,००० रुपयांना विक्रीला लागलेला दिसला. अथेनेच्या पायाशी, सात वाजण्याच्या जागी खाच असलेला मिनँडर ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी मला कळवावे; आपले अर्ज एकत्र गेले तर ते बाजूला सारणे पोलिसांना कठीण जाईल.