तुफानात थांबायचं की पळायचं? लांबच्या सफरीआधी ठरवायची गोष्ट

शिडाच्या नौकेने महासागर ओलांडायचा म्हटलं की एखादं तुफान वाट्याला येणारच. केप टाउनहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेली बारा मीटरची नौका पाच-सहा नॉटने (ताशी दहाएक किलोमीटर) चालते आणि मागून येणारं वादळ तिच्या कित्येक पट वेगाने येतं. त्याला चुकवता येत नाही, सोसावं लागतं. कसं सोसायचं ते मात्र बंदरातच ठरवायला हवं, कारण लागणारं सामान आणि ते अडकवायच्या मजबूत जागा भर समुद्रात तयार होत नाहीत.

मार्ग मुळात दोनच: वाऱ्याकडे तोंड करून थांबायचं, नाहीतर वाऱ्याला पाठ देऊन पळायचं. सगळी शिडं उतरवून नौका जशी पडेल तशी पडू द्यायची, हा तिसरा मार्ग सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. अशी नौका लाटेला आडवी होते, आणि नौकेच्या लांबीच्या ६० टक्के उंचीची फुटती लाट कुशीवर बसली तर बहुतेक नौका पूर्ण पालथ्या होतात. बारा मीटरच्या नौकेला म्हणजे सात मीटर. त्याच्या निम्म्या उंचीची लाटही डोलकाठी पाण्याला टेकवू शकते. न फुटणारी लाट याहून मोठी असली तरी नौका खालून उचलली जाते आणि परत बसते. घाबरायचं ते फुटणाऱ्या लाटेला.

माझी पहिली पसंती हीव्ह-टू, म्हणजे थांबण्याची रीत. जिब (पुढचं शीड) वाऱ्याच्या बाजूला उलटं ताणायचं, मेन (मुख्य शीड) रीफ करून, म्हणजे गुंडाळून लहान करून, आत ओढायचं आणि टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जातो त्या बाजूला बांधून टाकायचा. जिब नाळ (नौकेचं पुढचं टोक) एकीकडे ढकलतं, सुकाणू तिला परत वाऱ्याकडे वळवतं आणि या ओढाताणीत नौका वाऱ्याशी साधारण पन्नास अंशांचा कोन धरून जवळपास थांबते. वाऱ्याकडच्या बाजूला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा उमटतो. आत तर आवाजच बदलतो. दणके थांबतात, नुसतं डोलणं उरतं. स्टोव्हवर कुकर चढवता येतो, ओले कपडे उतरवून पाठ टेकता येते. सामान काहीच लागत नाही, फक्त सराव लागतो.

पाठ टेकण्यावर एवढा भर का? १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, वादळात १५ खलाशी गेले. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या, पण त्यातल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या रिकाम्या तरंगत राहिल्या. नौकेच्या आधी माणसं थकतात. उलट्या करून तिसऱ्या दिवशी अर्धमेला झालेला माणूस सेफ्टी हार्नेस अडकवायलाही विसरतो. म्हणून मी पर्याय निवडताना आधी एकच बघतो: यात झोप मिळते का?

हीव्ह-टूलाही मर्यादा आहेच. लांब कीलच्या (तळाखालच्या वजनदार कण्याच्या) जुन्या घडणीच्या नौका छान थांबतात; अरुंद, खोल कीलच्या नव्या नौका चुळबुळतात, पुढे सरकत राहतात. आणि लाटा सलग फुटू लागल्या की थांबण्यात अर्थ नाही.

मग पळणं. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ म्हणजे आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी नौका. १९६८-६९मध्ये तिने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती तुफानात मागे जाड दोर सोडून, वेग आवरत. फ्रेंच खलाशी बर्नार मोइतेसिए यांनी त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, केप हॉर्नच्या वाटेवर, उलट केलं. मागे सोडलेले दोर कापून टाकले आणि लाट किंचित तिरपी घेत मोकळं पळाले. दोघंही आपापल्या नौकेपुरते बरोबर होते. मोइतेसिएंची रीत मला थोर वाटते, पण तिला सुकाणूवर सतत जागता हात हवा. २०१७-१८मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ‘तारिणी’वर आपल्या नौदलाच्या सहा जणी होत्या, सुकाणूवर आळीपाळीने बसता येत होतं. नवरा-बायको दोघंच निघाला असाल तर हा नाद सोडा.

दोघांसाठी पळण्याचा शहाणा मार्ग म्हणजे सीरिज ड्रोग. एका लांब दोरावर शंभराहून अधिक छोटे कापडी शंकू, टोकाला वजन, आणि हे सगळं नौकेच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून सोडलेलं. वेग दोन नॉटच्या आसपास येतो आणि सुकाणूवर कुणी लागत नाही. लाटा मात्र कॉकपिटवर चढतात, त्यामुळे आत उतरायच्या दाराच्या फळ्या भक्कम हव्यात. हाही रामबाण नव्हे. २०१८च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत सूझी गुडॉल यांच्या ड्रोगचा दोर तुटला आणि नौका नाकावर उलटली. त्याच शर्यतीत ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ही डोलकाठ्या गमावून बसली होती.

थांबण्याचं आणखी एक साधन म्हणजे नाळेवरून सोडायचा पॅराशूट सी-अँकर, पाण्यात उघडणारी मोठी छत्री. कॅटामरानवाल्यांनी (दोन हुलच्या, म्हणजे दोन सांगाड्यांच्या नौकावाल्यांनी) तो जरूर घ्यावा. एका हुलच्या नव्या नौका त्यावर डावी-उजवीकडे झोके घेतात, मागे ढकलल्या गेल्या की सुकाणूवर ताण येतो, आणि दोर घासून तुटतोय का ते बघायला कुणाला तरी त्या नाळेवर जावं लागतं.

जमीन किती लांब, हेही मोजा. हीव्ह-टूमध्ये दिवसाला तीस-पस्तीस नॉटिकल मैल घसराल, ड्रोगवर पन्नासएक, मागे दोर सोडून पळालात तर शंभरच्या वर. वाऱ्याखाली साठ मैलांवर किनारा असेल तर निवड आपोआप होते.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे तर मी ड्रोगवर आणि तो अडकवायच्या चेनप्लेटवर, म्हणजे नौकेला पक्क्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, घालीन. दोर बांधायच्या साध्या खुंटीवर (क्लीटवर) तो बांधू नका, ती उपटून येईल. निघण्याआधी पंचवीस नॉटच्या वाऱ्यात, दिवसाउजेडी, एकदा सोडून परत विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) ओढून बघा. सोडायला काही मिनिटं लागतात; ओढताना दोघांचे खांदे भरून येतात.