मागची भिंत आधी बघा

बडोद्यात मोठ्या आवाराचं घर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे ४१,५०,००० रुपये गेलेत. वाड्यातला वाटा, माझा फंड आणि धाकट्या भावाची ठेव मोडून उभे केलेले पैसे होते ते.

दांडिया बाजारच्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या. आईला जिना चढवत नव्हता आणि दोघा भावांना एकाच आवारात राहायचं होतं. शहरात ६६० वार जागा, वर पेरू आणि आंब्याची झाडं, असं आज कुठे मिळतं? मिळत नाही, तिथेच शंका यायला हवी होती. पण दलाल मराठी. गणपतीच्या मांडवात ओळख झालेली, घरी आला की आईच्या पाया पडायचा. "काका, आपल्या माणसाला फसवून मी जाणार कुठे?" हे त्याचं वाक्य. दलाली १,१३,५०० घेतली आणि खरंच कुठे गेला ते कळलं नाही.

बानाखताच्या, म्हणजे विक्रीच्या आधीच्या कराराच्या, वेळी ५,००,००० दिले तोवर सगळे ६६० वारच म्हणत होते. दस्तावेजाच्या मसुद्यात आकडा आला २८३ चौरस मीटर. मालक वारात बोलणार, कागद मीटरमध्ये. एका चौरस मीटरचे १.१९६ वार, म्हणजे जेमतेम ३३८ वार. मी विचारलं, नाही असं नाही. "जुनी मोजणी आहे, सिटी सर्व्हेत दुरुस्ती चालू आहे, चार महिन्यांत कार्डावर चढेल. तोवर मागच्या जागेचं नोटरीवर करून घेऊ." वकीलही मान हलवत होते. वकील दलालानेच आणलेले. वकील स्वतःचा करा, फी दुप्पट पडली तरी चालेल.

घराचा आणि पुढच्या जागेचा दस्तावेज ७२,००,००० चा झाला. स्टँप ड्युटी ४.९ टक्के, ३,५२,८०० भरली. सौ.च्या नावावर केल्यामुळे एक टक्का नोंदणी फी माफ झाली, त्याचाच आम्हाला आनंद. मागच्या बागेचे ४१,५०,००० वेगळे: ३१,५०,००० मालकाच्या मुलाच्या खात्यात तीन चेकने, १०,००,००० रोख. रोखीबद्दल कोणाला बोलायचं असेल त्यांनी बोलावं. समोरचा अडून बसला होता, आणि आमचे पाच लाख त्याच्याकडे अडकलेले. मी ३१ वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय, एक बोल्ट कमी भरला तर अख्खं चलन परत पाठवणारा माणूस आहे मी. नोटरीच्या शिक्क्याने जमीन आपली होत नाही. १९०८ चा नोंदणी कायदा आहे, शंभर रुपयांवरची जमीन विकत घेतली तरी दस्त नोंदवावा लागतो. हे मला नंतर कळलं.

आणि ती भिंत. रोज रात्री डोळ्यांपुढे येते. घर बघायला गेलो त्या दिवशी गच्चीवरून मागे पाहिलं, तर शेजारच्या सगळ्या बंगल्यांच्या भिंती एका रेषेत संपलेल्या, आणि या घराचीच पन्नास-साठ फूट पुढे गेलेली. पुढची भिंत जुन्या जाड विटांची, मागची सिमेंटच्या ब्लॉकची. तळाशी ओळीने सहा भोकं, त्यांच्यापुढे नारळाच्या झावळ्यांचा ढीग. मी पायाने एक झावळी बाजूला केली. "बागेचं पाणी जायला ठेवलीत," मालक म्हणाले. जायला कुठे, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात आतून चहा आला, आणि आम्ही वळलो.

पाणी कुठे जायचं ते २०२४ च्या ऑगस्टअखेर समजलं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, ती ३५ च्या वर गेली. पाणी घरात आलं ते त्याच सहा भोकांतून. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं बडोद्यात कोणाला माहीत नाहीत? तशीच एक कांस, म्हणजे पावसाळी पाण्याचा नाला, आमच्यामागे होती. तिच्यात भराव टाकून, वर माती पसरून, झाडं लावून ती आम्हाला विकलेली. पूर ओसरल्यावर मोजणी झाली, भिंतीवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या, नोटीस आली. जेसीबीने एका सकाळी भिंत आणि आंबा दोन्ही काढले. आई खिडकीतून उठली नाही. बँकेचं कर्ज घेतलं असतं तर निदान बँकेचा व्हॅल्युअर तरी येऊन बघून गेला असता. कर्ज नको, म्हणून आम्ही पै पै जमवली.

पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. मोजणीच्या कचेरीत म्हणाले, दुरुस्तीचा असा अर्ज कधी आलेलाच नाही. तेवढं लेखी द्या म्हटलं तर माहिती अधिकारात मागा. मागितलं. उत्तर आलं की विषय दुसऱ्या शाखेचा. त्या शाखेत तासभर उभा राहिलो. एक साहेब तर वर मलाच म्हणाले, "सरकारी जमीन तुमच्या ताब्यात होती. २०२० चा लँड ग्रॅबिंगचा कायदा वाचलाय का? कमीत कमी दहा वर्षं आहेत." पैसे माझे गेले, झाडं माझी तोडली, आणि गुन्हेगार मी! ज्याने भराव टाकला, भिंत घातली, ती इतकी वर्षं उभी राहू दिली, त्याला कोणी एक कागद पाठवला नाही. मालकाने कोर्टात उत्तर दिलंय की दस्तावेज ३३८ वारांचा आहे आणि तेवढी जागा दिलेली आहे. कागदावर ते खरंच आहे. रोखीच्या दहा लाखांची पावतीसुद्धा नाही माझ्याकडे.

टोकन द्यायच्या आधी सरकारी मोजणी मागा. मालक टाळायला लागला की उठा. प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढा, त्याने दिलेली झेरॉक्स नको. शेजाऱ्याला विचारा, आमच्या शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, आम्हीच त्यांचं दार वाजवलं नाही.

गेल्या आठवड्यात रावपुऱ्यातल्या एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांना "मोठ्या आवाराचं" घर दाखवलंय, आणि वर्णनावरून दलाल तोच वाटतो. रविवारी मी टेप घेऊन त्यांच्याबरोबर जाणार आहे.