जुन्या टी-३ची चाकं, स्प्रिंगा आणि एक फटकळ गॅरेज

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालचं वाचायला नको. काम पक्कं, बोलणं फटकळ, फोन सहसा उचलत नाहीत आणि बिल हातात पडलं की घसा कोरडा पडतो. तरीही गाडीचं पुढचं काम मी याच गॅरेजात टाकणार आहे.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची टी-३, १९८६ची, वेस्टफालिया कंपनीने आतून सजवलेली ‘जोकर’ कॅम्पर. १.६ लिटरचं टर्बो डिझेल, ७० अश्वशक्ती. आम्ही घेतली तेव्हा ओटा, पलंग, वर उघडणारं छप्पर सगळं शाबूत होतं, पण खालच्या अंगाला कुणी बरीच वर्षं हात लावलेला नव्हता. या गाडीचं इंजिन पार मागे असतं आणि चालवणारा जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. नाक चपटं, बाजू उंच. वारा लागला की ती बाजूला सरकणार, हे तिच्या घडणीतच आहे. पण आमची फारच सरकायची. जर्मनीत उल्म शहराकडे जाताना ए-८ महामार्गावर ट्रकच्या शेजारून पुढे काढायची म्हणजे आधी ट्रककडे ओढ, मग एकदम बाहेर ढकल, आणि स्टीअरिंग दोन्ही हातांनी सावरत बसायचं. सपाट जागी उभी केली तरी डावीकडे कललेली. रात्री पलंगावरून डाव्या भिंतीशी घरंगळत जाणं हा आमचा नेहमीचा कार्यक्रम होता.

कलण्याचं कारण साधं आहे. जोकरमध्ये शेगडी, फ्रिज, सिंक, पाण्याची टाकी, कपाटं सगळी डाव्या अंगाला. चालकही डावीकडे, आणि घरगुती वापराची दुसरी बॅटरी त्याच्याच सीटखाली. त्यात आमच्या घरचा पाच लिटरचा कुकर, डाळ-तांदळाचे डबे आणि खलबत्ता. (मिक्सर नेता येत नाही, खलबत्त्याशिवाय भागत नाही. नवऱ्याने यावर वाद घालून पाहिला, मी सोडला नाही.)

गॅरेज श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याशी एका गावात आहे, एका जुन्या गोठ्यात. एक मेस्त्री, एक शिकाऊ पोरगा, आणि दारात नेहमी चार-पाच टी-३. नाव मुद्दाम लिहीत नाही. रांग आधीच मोठी आहे, आणि मालकाला जाहिरातीचा तिटकारा आहे.

नवऱ्याच्या डोक्यात १६ इंची चाकं, जाड टायर आणि चार सेंटिमीटर उंच केलेली गाडी होती. इंटरनेटवरच्या फोटोंत तशी टी-३ वाळवंटात उभी असते आणि छान दिसते, हे मलाही मान्य आहे. मेस्त्रींनी फोटो पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. “तुम्ही वाळवंटात राहता का?” एवढंच विचारलं आणि गाडी वजनकाट्यावर घ्यायला सांगितली.

हाच भाग मला सगळ्यात आवडला. चार चाकांखाली चार वेगळे काटे. टाकी भरलेली, गॅसची बाटली, कपडे, भांडी, सगळं सहलीला नेतो तसंच भरून आणा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आकडे आले ते असे: पुढे डावीकडे ५३०, उजवीकडे ५००, मागे डावीकडे ६१५, उजवीकडे ५४० किलो. बेरीज २१८५, म्हणजे कागदावरच्या २३९० किलोंच्या मर्यादेत. पण मागच्या दोन चाकांत ७५ किलोंचा फरक. स्प्रिंग विकणाऱ्या आधीच्या एकाही दुकानाने मला वजन विचारलं नव्हतं. त्यांचे प्रश्न दोनच, उंच हवी की बुटकी, आणि रंग कोणता.

मग गाडी वर उचलली, आणि स्प्रिंगांचा विषय बराच वेळ निघालाच नाही. मेस्त्री पुढच्या चाकाशी बसून पहार घालून एकेक सांधा हलवून दाखवत होते. पुढे चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म, मध्ये स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअप. खालच्या आर्मला पुढून-मागून धरून ठेवणारा एक दांडा असतो, त्याच्या टोकाचे रबरी बुश, म्हणजे सांध्यात धक्का शोषणारी रबराची कडी, पार भुगा झालेले. वरच्या आर्मचे बुश तडकलेले, एक बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) सैल. म्हणजे ब्रेक दाबला की चाक स्वतःच्या मर्जीने थोडं मागे जायचं. “यावर तुम्ही सोन्याच्या स्प्रिंगा बसवा,” मेस्त्री म्हणाले, “गाडी अशीच चालेल.”

जुनी गाडी हातात असलेल्या प्रत्येकाला मी हे ओरडून सांगेन. डोलणाऱ्या गाडीला लोक आधी चाकं घेतात, मग शॉकअप, मग स्प्रिंगा, आणि रबराचे स्वस्तातले बुश कुणाच्या यादीतच नसतात. क्रम उलटा हवा. आणखी एक बारकावा इथे शिकले. असे रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली आलेलं, मग शेवटचा आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शिकाऊ पोरगा घाईत पाना फिरवायला गेला, तेव्हा मेस्त्रींचा जो आवाज चढला, तो ऐकून मीच दोन पावलं मागे सरकले.

स्प्रिंगा मूळ उंचीच्याच घेतल्या. टी-३च्या स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके असतात, त्यावरून ती कोणत्या वजनासाठी आहे ते कळतं. आमच्या जुन्यांवरचे ठिपके गंजाने खाल्ले होते, आणि मागच्या एका स्प्रिंगचा शेवटचा वेढा बसकणीत कुजला होता. नव्या मागच्या जोडीची ताकद एक पायरी जास्त, शिवाय डाव्या बाजूला जाड रबरी कडी. बॅटरी उजवीकडे हलवावी असं मी सुचवलं, तर उजव्या सीटखाली इंजिनाची बॅटरी आधीच बसलेली. शेवटी अवजारांची पेटी आणि जॅक उजव्या कपाटात गेले. आता गाडी पाण्याच्या पातळीइतकी सरळ नाही, पण झोपेत घरंगळत नाही.

शॉकअपच्या बाबतीत नवऱ्याचा डोळा पिवळ्या बिल्श्टाइन बी-६वर होता. ते एकनळी गॅसचे, नाव मोठं, आणि गाडी वळणावर दामटणाऱ्यांसाठी निवड रास्तच. मेस्त्रींनी आमचा वेग विचारला. ताशी नव्वद, चढावर त्याहून कमी. मग ते म्हणाले, साधे दोननळी घ्या, वाचलेल्या पैशांत बॉल जॉइंट येतील. तसंच केलं. दगडी फरसबंदीच्या जुन्या गल्लीत कपाटातली भांडी अजून वाजतात, पण ती कुठल्याही शॉकअपने वाजणारच.

आता चाकं. यात लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर. टी-३च्या चाकाला पाच भोकं, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर. हेच माप टी-३नंतर आलेल्या टी-४लाही आहे आणि मर्सिडीजलाही, त्यामुळे जुन्या बाजारात ‘बसतील, बसतील’ म्हणत चाकं विकणारे ढीगभर. टी-४ची बसत नाहीत, कारण मधलं भोक ५७ मिलिमीटरचं आणि चाक ज्यावर बसतं तो टी-३चा हब त्याहून बराच जाड. ऐंशीच्या दशकातल्या मर्सिडीजची अ‍ॅलॉय हबवर बसतात, दिसतातही देखणी, पण त्यांचे बोल्ट १२ मिलिमीटरचे आणि टी-३चे १४चे. शिवाय बरीचशी चाकं आतल्या बाजूला जास्त सरकतात, म्हणजे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आले, आणि प्रत्येक बदलाचा कागद आला. आम्ही टी-३साठीच बनवलेली, भार सोसण्याचा दाखला सोबत असलेली साधी १५ इंची अ‍ॅलॉय घेतली. चाकाच्या पाठीवर किती किलो झेपतात ते कोरलेलं असतं. ते न वाचता चाक विकत घेऊ नका.

टायर १९५/७० आर १५ सी. मूळच्या १८५ आर १४ सीचा व्यास साधारण ६५० मिलिमीटर, याचा ६५४. वेगाच्या काट्यात फरक नगण्य. १६ इंचीवर बहुतेक जण घालतात ते २१५/६५ घेतले असते तर व्यास ६८६ झाला असता, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. काटा ९५ दाखवणार आणि गाडी शंभरने पळणार. शिवाय ७० अश्वशक्तीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर आणखी लांब. ए-८वरच्या द्राकेनश्टाइनच्या चढावर आधीच ट्रकवाले आम्हाला हात करून पुढे जातात. ‘सी’ म्हणजे मालवाहू गाडीचा टायर, भारांक १०४, एका टायरला ९०० किलो. आमचं सर्वांत जड चाक ६१५वर, म्हणजे हात राखून. टायर बारमाही घेतले, पण डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह पाहूनच. ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) हिवाळ्याला चालत नाही.

तोटाही सांगते. आमच्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. टायर फक्त सेंटिमीटरभर रुंद झाला, पण सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दंडाला कळतं. आणि स्टेपनी. ती पुढे नाकाखाली ट्रेमध्ये झोपलेली असते. व्यास जवळपास तोच असल्याने जुनं १४ इंची चाक तिथेच ठेवलं, पण अ‍ॅलॉयचे बोल्ट लोखंडी चाकाला लागत नाहीत. आमच्या गाडीला पुढे बोल्ट आणि मागे नट, म्हणजे दोन्हींचे जुने संच एका डब्यात भरून, वर लेबल लावून जॅकशेजारी ठेवलेत. हे मेस्त्रींनी सांगितलं नाही. माझ्या मते गाडी परत देताना सांगायला हवं होतं, आणि पंक्चर झाल्यावर रात्री कळण्याची ही गोष्ट नाही.

नाराजीचे आणखी दोन मुद्दे. ‘वसंतात करू’ म्हणाले आणि गाडी उन्हाळा सरताना मिळाली. मधल्या काळात फोन वाजत राहायचा. आणि अंदाजपत्रकात अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, पैसे धरलेच नव्हते, ते बिलात उगवले. काम चोख केलं, भरलेल्या गाडीवर केलं, पण आधी सांगायला काय जातं? एकूण सगळं धरून ३,९०० युरो. त्यात जवळपास निम्मी मजुरी.

ट्युफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची सक्तीची, तपासणी मात्र त्यांच्याच आवारात झाली. तपासनीस आठवड्यातून एकदा येतो. त्याने एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक उंच ठोकळ्यांवर चढवलं, स्टीअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं, कुठे घासतं का ते बॅटरी मारून पाहिलं. आमची गाडी ‘एच’ पाटीवर चालते, म्हणजे तीस वर्षांवरची जुनी म्हणून वर्षाला १९१ युरो ७३ सेंट एवढाच ठोक कर. ती पाटी टिकवायची तर बदल त्या काळाला शोभतील असेच हवेत. उंच केलेली, जाड टायरांची गाडी घेऊन गेलो असतो तर तिथे बरीच घासाघीस झाली असती, असं मेस्त्रींचं मत. नवरा यावर अजून गप्प आहे.

चालवताना काय बदललं? ट्रकची ओढ अजून लागते, पण एका हाताने सावरता येते. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते. वळणावर कपाटाची दारं आपोआप उघडायची, ती बंद राहतात.

ज्यांना तिथे जायचंय त्यांनी फोन न करता शनिवारी सकाळी थेट जावं. गाडीचे कागद न्या, टायरच्या बाजूवरचा, तो कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला ते सांगणारा चार आकडी क्रमांक वाचून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. अलाइनमेंट धरून लेखी अंदाज मागा. आणि चाकं बदलून निघालात की पन्नास ते शंभर किलोमीटरवर थांबून बोल्ट पुन्हा १८० न्यूटन मीटरला तपासा. टॉर्कचा पाना नसेल तर परत गॅरेजात जा, ते काम ते फुकट करतात.