केना ऐकायची तर या अल्बमपासून : लोस खाइवासचा 'आल्तुरास दे माच्चू पिच्चू'

मी बासरी वाजवते. त्यामुळे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं संगीत म्हणून स्पा आणि हॉटेलांत जे लावतात, ते ऐकलं की चीड येते. केना, म्हणजे अँडीजची बासरी, तिथे नुसती भरीला असते. चिलीच्या लोस खाइवास या बँडचा १९८१चा हा अल्बम मात्र कुणीही डोळे झाकून घ्यावा.

शब्द चिलीचे कवी पाब्लो नेरूदा यांच्या माच्चू पिच्चूवरच्या (पेरूतलं इंका लोकांचं जुनं शहर) दीर्घकवितेतले, आवाज एदुआर्दो 'गातो' आल्किंताचा. गाणं, इलेक्ट्रिक गिटार, केना, सगळं याच माणसाचं. १९६३मध्ये विन्या देल मार गावात पार्रा बंधूंबरोबर त्याने बँड काढला, तेव्हा ही मंडळी पार्ट्यांमध्ये नाचाची गाणी वाजवायची. १९७३च्या लष्करी उठावानंतर देश सुटला. आधी अर्जेंटिना, मग १९७७पासून फ्रान्स. अँडीजचं हे संगीत पॅरिसच्या बाजूला राहून रचलेलं आहे, आणि मला तरी त्यातली ओढ जागोजागी जाणवते.

'ला पोदेरोसा मुएर्ते' आधी ऐका. अकरा मिनिटांची रचना. सुरुवात अगदी संथ, आल्किंता जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग एकेक वाद्य चढत जातं, आणि गाब्रिएल पार्राचे ड्रम्स आले की अंगावर काटा येतो. केना उभी धरतात, वरच्या कडेच्या खाचेवर फुंकतात. सूर लागण्याआधीची ती फुंकर इथे पुसून टाकलेली नाही. आमच्याकडे रेकॉर्डिंगवाले नेमकी तीच कापतात.

'सुबे आ नासेर कोन्मिगो एर्मानो' सहाच्या ठेक्यात सुसाट पळतं. लहान मुलांनाही आवडेल. 'आंतिग्वा आमेरिका'त सिंथेसायझर मला जरा जास्त वाटतो. शेवटचा तुकडा फारच तोकडा, आणखी दोन मिनिटं हवी होती.

याच रचना त्यांनी प्रत्यक्ष माच्चू पिच्चूच्या अवशेषांमध्ये वाजवल्या, तेही १९८१मध्येच. निवेदन पेरूचे कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांचं. ते चित्रीकरण बघाच, पण आधी नुसतं ऐकून घ्या.

गाब्रिएल १९८८मध्ये पेरूत मोटार अपघातात गेला. त्याच्या जागी त्याची मुलगी हुआनिता ड्रम्सवर बसली. आल्किंता २००३च्या जानेवारीत चिलीतल्या कोकिंबोच्या समुद्रात पोहताना गेला. त्याची मुलंही पुढे बँडमध्ये गायली-वाजवली.

फोनच्या स्पीकरवर लावू नका, खालचे सूर पार हरवतात. हेडफोन घ्या आणि कवितेचं भाषांतर शेजारी ठेवा.