लिटररी टर्म्सची कार्डं, आठ महिने वापरल्यावर

मुलगी दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये होती. बारावीत इंग्लिशच्या कवितेवर फिगर ऑफ स्पीच (म्हणजे अलंकार) ओळखा, कारण सांगा असं आलं की पानभर कोरं सोडायची, म्हणून जुलैत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ही साठ कार्डं घेतली. पुढे संज्ञा, मागे एका वाक्यात व्याख्या आणि एक उदाहरण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण अशी बरीच मिळतात आणि बहुतेक सगळी सारखीच असतात.

पहिले दोन महिने खरं सांगते काहीच फरक पडला नाही. व्याख्या घडाघडा म्हणायची पण कवितेतली ओळ समोर ठेवली की सिमिली का मेटाफर, तिथेच गाडी अडायची. मग एक दिवस मी तिला आठवीनववीचे अलंकार विचारले, ते तिला पक्के येत होते! आवाज मधासारखा ही उपमा, आवाज म्हणजे मधच हे रूपक, बस झालं, सिमिली आणि मेटाफर तिथल्या तिथे सुटले. चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बली (कार्डावर उच्चार दिलेला नाही, ती तीन महिने हायपरबोल म्हणत होती). उत्प्रेक्षेला मात्र इंग्लिशमध्ये वेगळं घर नाही, 'जणू काही' वाली ओळ तिकडे बहुतेक वेळा सिमिलीतच जाते, हे तिला एकदा समजावून सांगावं लागलं.

अलिटरेशनचं कार्ड चक्क चुकीचं आहे. त्यावर लिहिलंय एकच अक्षर सुरुवातीला आलं पाहिजे. अक्षर नाही हो, ध्वनी! सिटी आणि कॅट दोन्ही इंग्लिशमध्ये सी पासून, पण ते अलिटरेशन नाही, आणि नाइफची सुरुवात के ने होते तरी नाइटबरोबर (रात्रवाल्या, एन पासूनच्या) त्याचं जुळतं. मराठीत आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो म्हणून अनुप्रास डोळ्यांना दिसतो, इंग्लिशमध्ये तो कानाने शोधावा लागतो. मग ती संशय आलेले शब्द देवनागरीत लिहून बघायला लागली आणि ही युक्ती दर वेळी चालली.

आयरनीच्या कार्डावर फक्त 'उलट अर्थाने बोलणे' एवढंच. पण बारावीच्या पुस्तकातली रॉबर्ट साउदीची 'द इंचकेप रॉक' घ्या. खडकावर धर्मगुरूने जहाजांना सावध करायला घंटा लावलेली असते, राल्फ नावाचा समुद्री लुटारू ती कापून टाकतो आणि नंतर त्याचंच जहाज त्याच खडकावर फुटतं. इथे कुणी उलट बोललेलंच नाही, परिस्थितीच उलटलीय, म्हणजे सिच्युएशनल आयरनी, आणि हा प्रकार कार्डावर नाहीच. सिम्बॉलचंही तसंच, कबुतर म्हणजे शांती एवढं एकच उदाहरण. त्यापेक्षा सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'मध्ये विणकर सकाळी बाळाचं वस्त्र, संध्याकाळी लग्नातला पदर आणि थंड चांदण्यात कफन विणतात, ते वाचल्यावर ती बराच वेळ गप्प बसली होती आणि मग स्वतःहून म्हणाली, आई, दिवस म्हणजे इथे आयुष्य आहे. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

टोन आणि मूडची कार्डंच नाहीत ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. कवीचा विषयाकडे बघायचा सूर म्हणजे टोन आणि वाचताना आपल्या मनात जे दाटतं तो मूड, अप्रिसिएशन (कवितेचं रसग्रहण) लिहिताना दोन्ही लागतात. उलट सिनेक्डकी (भाग सांगून पूर्ण वस्तू सुचवणं), मेटॉनिमी (जवळच्या गोष्टीचं नाव घेऊन मूळ गोष्ट सुचवणं) अशी जड कार्डं भरपूर, आमच्याकडे ती क्वचितच उघडली गेली. अपॉस्ट्रॉफीच्या कार्डावर निदान एवढं तरी लिहायला हवं होतं की हे विरामचिन्ह नाही, समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला थेट हाक मारणं आहे.

कागद जाड आहे पण कोपरे डिसेंबरपर्यंत सोलले. घ्यायची असतील तर घ्या, फक्त मागच्या उदाहरणावर काट मारून पोरांना स्वतःच्या पुस्तकातली ओळ लिहायला लावा, आणि त्याखाली ती ओळ तिथे काय काम करते हेही. आमच्या पंचवीसेक कार्डांवर तसं लिहिलंय आणि फेब्रुवारीत पेपरच्या आदल्या रात्री तिने तेवढीच चाळली.

सध्या गठ्ठा माझ्या भाच्याकडे आहे, तो अकरावीत आहे, आणि टोन-मूडची दोन कार्डं मुलीने पुठ्ठा कापून त्यात घालून दिलीत.