गावच्या घरासाठी रॉकेलचा कंदील की चार्जिंगचा लाईट?

ज्यांचं घर कोकणात आणि राहणं पुण्या-मुंबईत, त्यांना दर मे अखेरीला हा प्रश्न पडतो. मी दोन्ही वापरलेत म्हणून लिहितोय. शहरातल्या फ्लॅटसाठी विचारत असाल तर सरळ चार्जिंगचा घ्या, तिथे कंदिलाचं काही काम नाही.

उजेडात तुलनाच होत नाही हे आधीच मान्य करतो. एलईडीखाली पोरं अभ्यास करतात, ताटातला माशाचा काटा दिसतो, वास नाही, काजळी नाही आणि लहान बाळाच्या खोलीत बिनधास्त ठेवता येतो. कंदिलाचा उजेड म्हणजे थोड्याशा मेणबत्त्यांएवढा, त्यात माणसं ओळखू येतात, बारीक अक्षर नाही.

पण माझा निर्णय झाला तो एका वैतागामुळे. गावचं घर गणपतीनंतर बंद होतं ते शिमग्यालाच उघडतं, तोपर्यंत चार्जिंगचा लाईट फळीवर पडून, आणि नेमकी लाईट गेली की बटण दाबावं तर मिणमिण करून बंद. स्वस्तातल्या बऱ्याच लाईटमध्ये शिशाची बॅटरी असते, तिला पडून राहणं सोसत नाही, न वापरताही ती हळूहळू उतरते आणि तशीच उतरलेली महिनोन्‌महिने राहिली की आत सल्फेटचा थर धरतो, मग कितीही चार्ज करा, पाच-दहा मिनिटांत मान टाकते. लिथियमवाला बरा आहे, जास्त टिकतो, पण तोही पूर्ण उतरवून ठेवला तर खराब होतोच, आणि पडवीत कुणीतरी आठवणीने चार्जिंगला लावणारं लागतं. आमच्याकडे तसं कुणी नाही, तुमच्याकडे असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

दुसरं म्हणजे लाईट किती वेळ जाते. तासाभराची असेल तर वाद नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. चार्जिंगचा लाईट चार्ज करायला आधी लाईट लागते, सोलर पॅनेलवाला घ्यावा तर जूनच्या पावसात ऊन कुठून आणणार. कंदिलाला फक्त रॉकेल लागतं आणि एकदा भरला की रात्र निघते, जर्मन फॉयरहँडचा छोटा २७६ नंबरचा कंदील ३४० मिलीत २० तास चालतो, आपल्याकडच्या पत्र्याच्या कंदिलांचं गणित थोडंफार तसंच.

आणि वाऱ्याला तो विझत नाही याचं कारण बाजूच्या त्या दोन नळ्या. लोकांना वाटतं त्या नुसत्या धरायला आहेत. चांगल्या कंदिलात वरून ताजी हवा त्या नळ्यांतून खाली वातीपर्यंत येते, धूर मधल्या काचेतून वर जातो, म्हणून बाहेर घोंघावणारा वारा ज्योतीवर थेट येत नाही. वाडीत, गोठ्यात, विहिरीवर न्यायला यापेक्षा भरवशाचं मला तरी काही सापडलं नाही.

शब्दही लांबून आलाय, लॅटिनमधल्या मेणबत्तीच्या शब्दावरून अरबी-फारसीमार्गे कंदील झाला, आणि त्याचं मूळ नि आपल्या चंद्राचं मूळ एकच धरतात, चमकणं. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील जुन्या लोकांना अजून आठवतो, आपल्याकडेच काच ओतून कंदील बनत होते ही मला मनापासून अभिमानाची गोष्ट वाटते.

आता त्रास. रेशनवरचं निळं रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झालंय, खुल्या बाजारातलं शोधावं लागतं, नाहीतर कंदिलासाठीचं लँप ऑईल ऑनलाईन मिळतं ते चालतं, महाग पडतं. पेट्रोल किंवा डिझेल चुकूनही घालू नका. दारं-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत पेटता ठेवायचा नाही, पडवीत टांगायचा. काच काळी पडत असेल तर बहुतेक वेळा वात जास्त वर असते, ती खाली करा आणि तिच्या वरच्या कडेचे दोन्ही कोपरे कात्रीने जरा गोल कापा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

घरात बारा महिने माणूस असेल, म्हातारी माणसं किंवा लहान पोरं असतील तर मी चार्जिंगवाल्यालाच हरकत घेणार नाही. पण घर बंद राहणारं असेल तर माझ्या मते कंदीलच घ्या, घेतानाच त्याच मापाची एक जादा काच आणि हातभर वात घेऊन ठेवा कारण नंतर तीच काच मिळत नाही, आणि घर बंद करताना टाकी रिकामी करून पुसून ठेवा, नाहीतर पाणी धरून तळाला गंज लागतो.