यामाहा आरएक्स १०० ला २४ एमएमचा कॉपी कार्ब (कार्ब्युरेटर), ३ स्टार

आपली गाडी ९५ ची. ओरिजनल मिकुनी कार्बची स्लाइड (रेस दिली की आत वर-खाली होणारा भाग) झिजून गाडी आयडल धरतच नव्हती, रेस सोडली की बंद, म्हणून ऑनलाइन १८०० ला हा पीडब्ल्यूके टाइप (केहिनच्या मॉडेलसारखा) २४ एमएम कार्ब मागवला (कंपनीचं नाव नको, तशी सगळी कॉपीच). दिसायला एक नंबर, पण बॉक्समधून काढला नि लावला असं अजिबात होत नाही बरं का. पहिल्याच दिवशी आरपीएम वर जाऊन खाली यायलाच तयार नाही, मी आपला एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा) फिरवतोय फिरवतोय, शेवटी मेस्त्रीने मॅनिफोल्डवर (कार्ब नि इंजिनमधला रबरी जोड) कार्ब क्लीनर मारला तर आवाज बदलला, म्हंजे तिथूनच हवा खेचत होती. रबर बदललं, काम झालं.

आत मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) ११८ चा. अर्ध्याच्या वर रेस दिली की घुर्र घुर्र, प्लग काळा नि ओला, म्हंजे पेट्रोल जास्त. एक एक नंबर कमी करत १०८ वर आलो, स्लाइडमधल्या निडलची (सुईची) क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरे. आता प्लग चहाच्या रंगाचा येतो. पांढरा दिसला तर मात्र लगेच थांबा, टू स्ट्रोक लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पळवली की पिस्टन धरलाच, म्हंजे जाम झालाच समजा. पिकअप भारी, मायलेज विचारू नका. एक स्टार कापला फ्लोटसाठी (कार्बमधलं पेट्रोल रोखणारा तरंगता भाग), कॉक उघडा राहिला की रात्रभर पेट्रोल गळतं, आणि एक कापला कारण जास्तीचे जेट एकपण देत नाहीत राव.